वनिताचा पोपट

हे मी कोणापाशीच बोलले नाही. नवरा होता तोवर त्याच्यापाशीही नाही. तुमच्यापाशी बोलते — तुम्ही काही माझ्या अंगणात येऊन बसणार नाही.

आमच्या घरी पोपट आहे, राजू. तो माझ्याच खांद्यावर बसतो, माझ्याच ताटातला भात खातो. गावात त्याला बुढीचा पोपट म्हणतात. तो बुढीचा नाही. माझी सून वनिता अहेरीकडची. लग्न होऊन आली तेव्हा त्याला सोबत घेऊन आली. वादळात झाड पडलं, ढोलीतलं पिल्लू तिने उचललं — अंगावर पीस नव्हतं — आणि बोटाने पेज भरवून जगवलं. पोपट पाळायला मनाई आहे, ठाऊक आहे. वनरक्षक गल्लीत दिसला की पिंजरा आत जातो.

पहिले सात-आठ महिने राजू तिचाच होता. ती अंगणवाडीतून परत आली की लांबूनच शीळ घालायचा. माझ्याकडे मान वळवायचा नाही. मला ते खुपायचं. का? घर माझं, दिवसभर मिरची-पेरू देणारी मी — आणि शीळ तिला. एवढंच. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं. सापडलं नाही.

मग माघ लागला आणि राजू बिघडला. डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या करायचा. मान वर-खाली हलवून खाल्लेलं उलटायचा आणि माझ्या बोटावर ठेवायचा. सुपाच्या काड्या कुरतडायचा. वनिता जवळ आली की पंख फुगवून धावून जायचा. एका सकाळी त्याने तिचा कानच धरला. पदरावर रक्त आलं.

मला यात नवं काही नव्हतं. माझ्या बापानेही पोपट पाळला होता, तो दरसाल माघ-फागुनात असाच व्हायचा. बाप सांगायचा — त्याचा जोडीचा हंगाम आहे, त्यात तो एकाला जोडीदार धरतो आणि बाकीच्यांना चावतो. पाठीवर हात फिरवू नका, अंधारी जागा दाखवू नका, सांज पडली की झाकून झोपू द्या. वैशाखात तेंदूपत्त्याची तोडणी लागेपर्यंत निवतो. आणि तो निवायचाच. शाळा माझी चौथीपर्यंत झाली, पण हे पक्कं शिकले होते.

वनिता कान दाबून माझ्यापाशी बसली. "आई, याले काय झालं? माहं काही चुकलं का?"

हंगाम आहे पोरी, उतरंल — एवढं सांगायला किती वेळ लागला असता? जिभेवर होतं. मी म्हणाले, "पाखरू माणूस ओळखते, बाई."

भिंतीपलीकडून शेजारची कौसाबाई म्हणाली, "मंग तुले काऊन नाई चावत, बुढे? अजून ओळखलं नाई का?" आम्ही दोघी हसलो. वनिता हसली नाही.

तिथेच थांबले असते तर? नाही थांबले. रोज दुपारी मी राजूच्या पाठीवर हात फिरवला. कोपऱ्यात जुनं मडकं आडवं ठेवलं, तो त्यात शिरून बसायचा. बापाने नको म्हटलेलं सगळं केलं — समजून केलं. तो निवायला आषाढ लागला. तोवर वनिताने हात पुढे करणं सोडलं होतं. पिंजरा धुवायची, पाणी ठेवायची, मागे सरायची. पुढल्या माघातही मी तेच केलं, आणि त्याच्या पुढल्याही. असे नऊ माघ गेले.

यंदा शेळीला सुई टोचायला जनावरांचा डॉक्टर आला. राजू माझ्या बोटावर दाणे उलटत होता. डॉक्टरने पाहिलं आणि वनिताला समजावून सांगितलं — जवळजवळ माझ्या बापाच्याच शब्दांत. हे किती दिवस राहते, तिने विचारलं. दोन-तीन महिने, तो म्हणाला. वनिताने माझ्याकडे पाहिलं.

"अस्सं होय?" मी म्हणाले. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं.

त्याच दिवशी तिने मडकं उचलून नेलं. सांजेला पिंजऱ्यावर चादर घातली.

चैत्रात मोहफुलं वेचून झाली तोवर राजू निवला. परवा तिने अंगणात त्याच्यापुढे बोट धरलं. इतक्या वर्षांनी. राजू चढला. ती जागची हलेना. "राजू," एवढंच म्हणाली.

मी बाजेवर शेंगा सोलत होते. एक दाणा पुढे धरला आणि शीळ घातली. तो उडून माझ्याकडे आला.

वनिता आत गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. राजू खांद्यावर बसून दाणा खात होता, आणि मला बरं वाटत होतं.