खानसाहेबांचं पाणी

उमंगला मी माफ केलेलं नाही आणि ज्ञानदानं तर नाहीच नाही. हे आधीच सांगून टाकते. शेवटी सगळे गळ्यात गळे घालतील या आशेवर कुणी बसू नये.

मी जेसिका. वसईगावात राहते, शाळेत भूगोल शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये मिस्साला न जाता सायकलवर जाते म्हणून आईची बोलणी खाते. ज्ञानदा माझी सायकलवरची मैत्रीण. गडहिंग्लजची पोर, लग्न होऊन वसईच्या एव्हरशाईन सिटीत आली. अंधेरीला विमा कंपनीत नोकरी. नवरा जितेंद्र शांत माणूस, मुलगी आर्या कॉलेजात. चाळिशी जवळ आल्यावर बाईनं ग्रॅव्हल बाईक घेतली. दिसायला रेसची सायकल, पण टायर जाड. माती, खडी, पालापाचोळा, कशावरही जाते. सोसायटीतल्या बायका म्हणाल्या, एवढ्यात स्कूटर आली असती. ज्ञानदा म्हणाली, स्कूटर तुमच्याकडे आहेच की, मी काय वेगळं केलं मग?

पारोळच्या पलीकडे, तुंगारेश्वरच्या डोंगराची मागची बाजू आहे ना, अभयारण्याच्या हद्दीबाहेरची, तिथल्या पायवाटा जोडून तिनं एक अख्खा रूट बांधला. दोन वर्षं रविवार-रविवार घालवून. सागाच्या जंगलातून चढ, मग पाड्यामागून कोरड्या ओहोळात उतार, परत चढ. डांबर जवळजवळ नाहीच. आणि कसा बांधला ते ऐका. आपण गाववाल्याला विचारतो, ही वाट कुठं जाते? तो हात झटकतो, म्हणतो, जंगलात. ज्ञानदा विचारायची, ही वाट कुणाकडे जाते? बस्स, मग लोक बोलायला लागायचे. ही रुक्मिणीच्या माहेरी जाते. ही शांतारामच्या विहिरीवर. ही पूर्वी भट्टीवर जायची, आता बंद. वाट माणसाकडे जाते, ती नुसती कुठंतरी जात नाही, हे तिला आपोआप कळलं होतं.

मोबाइलच्या नकाशात खुणाही ती तशाच टाकायची, ऐकलं त्याच शब्दांत. 'रुक्मिणी माहेर, डावीकडे.' 'शांताराम, विहीर.' पाड्यावरची माणसं 'ण'ला 'न' म्हणतात, तर तीही 'न'च लिहायची. मी म्हटलं, अगं, शुद्धलेखन? ती म्हणाली, पुन्हा विचारायची वेळ आली तर त्यांचा शब्द माझ्या तोंडात हवा, तुझ्या शाळेचा नको.

आता उमंग. विरारला राहतो. आमच्या सायकल ग्रुपचा स्वयंघोषित कप्तान. दंड फुगवून फोटो काढायचा, चढ आला की चेन निसटली म्हणून उतरायचा. एक दिवस गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, फाइल पाठवा ना तुमच्या रूटची. नुसती बघतो." ज्ञानदानं पाठवली. विश्वासानं पाठवली हो!

पुढच्याच आठवड्यात ग्रुपवर पोस्टर. डोंगरासमोर उमंग, हाताची घडी घालून. वर मोठ्या अक्षरांत 'उमंग लूप'. खाली, 'तीन महिने जंगल पालथं घालून शोधलेला रूट.' राइडला येणाऱ्या सगळ्यांना टी-शर्ट, त्यावर याचीच सही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्ञानदानं माझ्यासमोरच त्याला फोन लावला.

"मॅडम, रस्ते काय कुणाच्या मालकीचे असतात?" तो हसत म्हणाला. "तुम्हाला पण घेतो ना टीममध्ये. सपोर्टला या. केळी वाटायला लेडीज पाहिजेच आहेत."

केळी वाटायला! दोन वर्षं काट्यांनी पोटऱ्या फाडून घेतलेल्या बाईला!

ज्ञानदानं फोन ठेवला. आवाज चढवला नाही. मला म्हणाली, "जेसिका, हा माणूस सगळ्यांसमोर माझं नाव घेईल. त्याच्या तोंडानं. तोपर्यंत मी गप्प बसणार नाही." मी म्हटलं, भांडूया, ग्रुपवर लिहूया, मी लिहिते. ती म्हणाली, भांडलं की तो म्हणेल बायका भांडकुदळ. थांब.

आम्हाला फार थांबावं लागलं नाही. मेल्यानं आपणहून मान पुढं केली. राइडच्या सूचना ग्रुपवर टाकल्या: 'पाण्याची चिंता नको, एकच बाटली घ्या. अर्ध्या वाटेत खानसाहेबांचं फार्म आहे. खानभाई माझे जुने दोस्त, त्यांच्याशी बोलणं झालंय. थंडगार पाणी मिळेल.'

मी दोनदा वाचलं. "कोण गं हे खानसाहेब?"

ज्ञानदा जी हसायला लागली, ती खुर्चीवरून घसरायचीच बाकी राहिली. तिनं नकाशा उघडून मला खूण दाखवली. चढ संपतो तिथं लिहिलं होतं: 'खान. पानी. उजवीकडे.'

खाण! दगडाची बंद पडलेली खाण, पाणी भरलेली, काठ निसरडा, म्हणून त्याच्या आधीच उजवीकडे वळा. पाड्यावरच्या माणसानं सांगितलं तसं तिनं लिहिलं. बाकी सगळ्या खुणा माणसांच्या, रुक्मिणी, शांताराम, मग खान पण माणूसच, असं आमच्या कप्तानांनी ठरवलं. वर दोस्तीही जुळवली. जंगल पालथं घातलं म्हणे! तिकडं एकदा नुसता फिरकला असता तरी कळलं असतं.

"त्याला सांगायचं का?" मी विचारलं.

"नाही," ज्ञानदा म्हणाली.

"अगं, चाळीसेक माणसं येणार. एकेक बाटली घेऊन."

"त्यांचा काय दोष? आपण पाणी घेऊन जाऊ. खाणीपर्यंत ट्रकचा जुना रस्ता आहे अजून." मग तिचे डोळे चमकले. "उमंगला पाणी पाजायचंच होतं ना? चल, खरंच पाजू."

माझा भाऊ मर्विन केळीच्या बागेसाठी टेम्पो ठेवतो. तो मागून घेतला, जार भरले, ग्लास घेतले आणि खाणीच्या अलीकडे झाडामागे टेम्पो लावून आम्ही बसलो. फेब्रुवारी होता, पण चढून आल्यावर फेब्रुवारी काय नि मे काय. मला सारखं उठून बघावंसं वाटत होतं. ज्ञानदा मात्र देवळात बसावी तशी बसून होती.

आले एकदाचे. सगळ्यात पुढं उमंग, लाल झालेला, हातात मोबाइल. इकडं बघतो, तिकडं बघतो. फार्म कुठंय? समोर नुसता खोल खड्डा, तळाला हिरवं शेवाळलेलं पाणी. मागून एकेक जण येऊन रिकाम्या बाटल्या हलवायला लागला.

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक मावशी समोरून आली.

"मावशी, खानसाहेबांचं घर कुठे?" उमंगनं विचारलं.

"खान? ही काय खान." मावशीनं हनुवटीनं खड्डा दाखवला.

"तसं नाही हो. खानसाहेब! साहेब!"

"साहेब कवाच गेला. खान बंद हाय," मावशी म्हणाली आणि चालती झाली.

क्षणभर कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. मग सुमेध नावाचा एक पोरगा ओरडला, "अरे, खाण! खाण रे ती! उमंगभाई, हे तुमचे जुने दोस्त?" आणि असा काही हशा पिकला, की मी तोंडात ओढणी कोंबली. उमंगचा चेहरा पडला. देवा रे, काय सुख झालं मला! खोटं कशाला बोलू?

तेव्हा ज्ञानदा झाडामागून पुढं झाली. मी जार उघडले. आधी सगळ्यांना पाणी दिलं, पोटभर. उमंगही हात पुढं करून रांगेत आला. त्याचा ग्लास भरून ज्ञानदानं आपल्याच हातात धरून ठेवला.

"ही वाट कुणाची?" तिनं विचारलं.

"मॅडम, सॉरी ना. नंतर बोलू."

"आत्ता. सगळ्यांना ऐकू जाईल असं. वाट कुणी शोधली?"

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. मागे वळला, घसा खाकरला. "मित्रांनो, ॲक्च्युअली, हा रूट मी नाही शोधला. हा रूट आपल्या... आपल्या मेघना मॅडमनी शोधलाय."

मेघना नावाची बाई आमच्या ग्रुपात कधीच नव्हती.

"कोण मेघना?" ज्ञानदा म्हणाली.

उमंगनं मदतीसाठी बाकीच्यांकडं बघितलं. नवे लोक सोडा, त्यांना कुठून माहीत असणार? पण जुने दहा-बारा होते, ग्रुपच्या राइडला तिच्या मागून चालवणारे, पंक्चर झालं की तिच्याकडून पंप मागणारे. एकानं मान खाली घातली. एक बाटलीचं बूच फिरवत राहिला. सुमेध पुटपुटला, "ज्योती... ना?" ग्रुपात मी टीचर आणि ती मॅडम, नावाचं कुणाला काय काम पडलं होतं?

मी तोंड उघडलं. ज्ञानदानं हातानंच मला गप्प केलं. तिचा चेहरा मी इतका पांढरा कधी बघितला नव्हता.

"विचार," ती उमंगला म्हणाली.

"मॅडम..."

"तोंड आहे ना? विचार."

"नाव काय तुमचं?" तो म्हणाला.

"ज्ञानदा."

"ग्यानदा मॅडमनी..."

"ज्ञानदा. पुन्हा. आणि मॅडम नको."

तिसऱ्यांदा बरोबर आलं. तेव्हा कुठं तिनं ग्लास पुढं केला. तो घटाघट प्यायला, सगळे बघत होते. मग तिनं सगळ्यांना उजवीकडची वाट दाखवली, काठापासून लांब राहा म्हणून बजावलं आणि ते गेले.

आता उमंगला विरारपासून पाचूबंदरपर्यंत सगळे खानसाहेबच म्हणतात. त्यानं ग्रुप सोडला. पोस्टर काढून टाकलं. रूटला आता ज्ञानदाचं नाव आहे. म्हणजे तिला हवं होतं ते सगळं झालं.

पण त्या दिवशी टेम्पोतून परतताना मी बडबडत होते, मावशीची नक्कल करत होते, उमंगचं तोंड कसं झालं ते करून दाखवत होते. शिरसाडजवळ बघितलं तर बाई रडत होती. राग येऊन माणूस रडतं ना, तशी, दात आवळून.

"तीन वर्षं या ग्रुपात, जेसिका," ती म्हणाली. "तो एकटा नाही गं. एकालाही माहीत नव्हतं."

"आता झालं ना माहीत मेल्यांना!" मी म्हटलं.

ती हसली नाही.