बाहेरून आलेला पेपर

मी तिसरीपर्यंत शिकलो. तेवढ्यावर संसार केला, कोणापुढं मान खाली घातली नाही. हरसूलजवळ आमचा पाडा. तिथं शाळा एक, गुरुजी एक. हे गुरुजी माझ्या घरचेच झाले होते. नवा तांदूळ निघाला की आधी त्यांच्याकडं जायचा. दर उन्हाळ्यात माझ्या नातीचा निकाल घेऊन ते स्वतः ओट्यावर यायचे.

"आबा, नात पुन्हा पहिली. काढा पेढे!"

मी हरसूलच्या बाजारातून पेढे आणून घरोघर वाटायचो. लोक तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "आबांची नात कलेक्टर होणार."

पाचवीला तिला नाशिकच्या वसतिगृहाच्या शाळेत घालायचं ठरवलं. त्याला दरवर्षी परीक्षा असते. सगळ्या गावांना एकच पेपर, तोही बाहेरून सीलबंद आलेला, आणि वर्गावर परक्या गावच्या बाई. पोरगी त्यात पार तळाला गेली. जागा हुकली.

गुरुजी म्हणाले, "आबा, हे शहरातल्यांचे पेपर. आपल्या पोरांना पाडायलाच काढतात."

मला ते पटलं. त्या बाईंना जाब विचारायचा म्हणून नातीला घेऊन निघालो. हरसूलच्या स्टँडवर एक एसटी आली. मी सहज म्हटलं, "बघ गं, ही कुठं चालली?"

तिनं पाटीकडं पाहिलंच नाही. माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"आबा, पहिलं अक्षर सांगा ना. मग येतं मला."

"त्र्यं..."

"त्र्यंबकेश्वर!" पोरगी ओरडली. बरोबर होतं. पण मला शंका आली. मागून दुसरी गाडी आली, पाटीवर पेठ लिहिलेलं. मी मुद्दाम म्हटलं, "ना..."

"नाशिक!"

केवढी खूश झाली होती ती.

"असं कोणी शिकवलं गं तुला?"

"गुरुजी असंच करतात. पहिलं ते म्हणतात, पुढचं आम्ही. परीक्षेला फळ्यावर लिहून देतात, ते आम्ही उतरवतो. त्या बाईंनी काहीच सांगितलं नाही, आबा. नुसत्या उभ्या होत्या."

जाब विचारायचा राहिला. घरी आलो. सुनेला सांगितलं, तर ती भाकरी थापतच राहिली.

"मला ठाऊक होतं, आबा."

"आणि बोलली नाहीस?"

"सगळ्या पाड्याला ठाऊक हाय. तुम्ही पेढे घेऊन दारात उभे. कोण बोलणार?"

म्हणजे ज्यानं ज्यानं माझा पेढा खाल्ला, त्याला माहीत होतं. गुरुजींचा राग आला, पण त्याहून जास्त या लोकांचा आला. कलेक्टर म्हणून हसत होते, ते कोणाला हसत होते?

गुरुजींना गाठलं. ते वरमले नाहीत. उलट मलाच म्हणाले, "नापास दाखवली असती तर तुम्हाला चाललं असतं का?"

नसतं चाललं. शाळेच्या दारात तमाशा केला असता. पण पोरगी दुसरीत असतानाच कळलं असतं, तेव्हा तिच्या हातात वर्षं होती. एवढ्या वर्षांत माझ्याशी खरं वागला तो एक पेपर. त्याला माझं घर माहीत नव्हतं, माझा तांदूळ त्यानं खाल्ला नव्हता.

पुढं पाड्यातले चारजण सरकारला द्यायचा अर्ज घेऊन आले. वसतिगृहासाठीचा दरवर्षीचा बाहेरचा पेपर बंद करा, पोरं घाबरतात, असा अर्ज. "आबा, पहिली सही तुमची."

"पोरं नाय घाबरत," मी म्हटलं, "तुम्ही घाबरता." सही केली नाही. तेव्हापासून माझ्या ओट्यावर कोणी फारसं बसत नाही. नसेना का.

नात आता रोज संध्याकाळी मला वाचून दाखवते. अडली की माझ्या तोंडाकडं बघते. मी तोंड फिरवून डोंगराकडं बघतो.

परवा गुरुजी पुन्हा निकाल घेऊन आले. "आबा, यंदाही पहिली."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी पेढ्याचं विचारलं तेव्हा सांगितलं, "आधी बाहेरचा पेपर पुन्हा होऊ द्या."

आत नात मोठ्यानं वाचत होती, अडखळत, एक एक अक्षर लावत. गुरुजींनी ते ऐकलं आणि पाणी तसंच ठेवून उठले.