दसऱ्याचं मिग

गराजमध्ये झेंडूचा आणि पेट्रोलचा वास एकत्र आला की मला तो दसरा आठवतो. आमचे बाबा हवाई दलात मिग दुरुस्त करायचे. रिटायर झाल्यावर ते आणि आई सहा महिने अमेरिकेत प्लेनोला आमच्याकडे आले आणि बाबा सोफ्यावर बसून कंटाळले, म्हणून दसऱ्याच्या दिवशी त्यांना आणि आईला विमानांच्या म्यूझियममध्ये ड्राइव्ह करून नेलं. हँगरच्या टोकाला, शेपटीवर लाल तारा असलेलं मिग दिसलं आणि बाबांची पाठ ताठ झाली. माहिती द्यायला उभे असलेले एक अमेरिकन आजोबा म्हणाले, तरुणपणी ते हेच विमान वाळवंटात गुपचूप उडवायचे, शत्रू बनून आपल्याच पायलटांना लढायला शिकवायचे. मी आईला हे मराठीत सांगितलं. "बायकोला काय सांगायचे?" तिने विचारलं. मी ते इंग्रजीत विचारलं. "ऑफिसात बसतो म्हणून," आजोबा ओशाळून हसले. आईने पर्समधून कुंकवाची डबी काढली. समोर हात लावू नये अशी पाटी होती, मी तिला थांबवणार होतो. पण बाबांनी इंग्रजीत आजोबांना समजावलं की ज्याच्यावर आपलं पोट चालतं, त्याची आज आमच्यात पूजा करतात. आजोबांनी विमानासमोरच्या दोरीचा हुक काढला. आईने पुढच्या चाकाला कुंकू लावलं, बाबांनी हात जोडले, शेजारी आजोबांनी टोपी काढली. परवा मुलीला तिथे नेलं, तर तिने विचारलं, "बाबा, हूज प्लेन इज दिस?" "आजोबांचं," मी म्हटलं, आणि कुठल्या आजोबांचं ते सांगितलं नाही.