अल्बममध्ये नसलेला ढोल

माझ्या मामेसासऱ्यांइतका रागीट माणूस परभणी जिल्ह्यात दुसरा नाही, आणि कधी असलाच तर आमच्या मामांना पाहून त्याने रागावणं सोडून दिलं असेल. हा राग एखाद्या माणसावर असता तर कधीतरी मिटलाही असता. पण तो आहे एका अल्बमवर. पूर्णेच्या ज्या बँडमध्ये मामांनी उभी हयात मोठा ढोल वाजवला, त्या बँडने जुन्या गाण्यांचा, नुसत्या वाद्यांवरचा एक निवांत अल्बम काढला. रेकॉर्डिंग करणारा शहाणा म्हणाला, "लोक घरी लोळत ऐकणार, मोठा ढोल नको." आणि जरीच्या लाल कोटात सजून गेलेले मामा दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून राहिले.

त्यात तो अल्बम धो धो चालला. साड्यांच्या दुकानात तोच, खानावळीत तोच. मामा जिथे ऐकतील तिथे आपला ढोल हाताने भरून काढतात. परभणीला दातांच्या दवाखान्यात, तोंडात नळी असताना त्यांनी खुर्चीवर असा ठोका हाणला की डॉक्टर दोन पावलं मागे सरकले. नळी निघताच मामा कडाडले, "ह्यो बँड हाय का झोपेची गोळी?" एकदा खानावळीत त्यांच्या ठोक्याने आमटीची वाटी माझ्या सदऱ्यावर आली. मी चिडून म्हणालो, "मामा, लोक जेवतायत!"

"जेवू द्या की! वरातीत जेवूनच नाचतेत लोकं. जावई हायेत म्हणून गप बसलो तुमच्यापुढं!"

गप म्हणजे काय, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

खरं सांगतो, मलाही त्यांचा भयंकर राग यायचा. पूर्णेला त्यांच्या घरी गेलं की चहाच्या आधी अल्बम. पुढ्यात पत्र्याची पेटी, आणि सगळी गाणी संपेपर्यंत सुटका नाही. चौथ्या गाण्यात क्लॅरिनेट थांबते आणि क्षणभर काहीच वाजत नाही. तिथे मामा पेटीवर एकच ठोका द्यायचे आणि डोळे मिटायचे. "हितं मी हाय," म्हणायचे. "कुणाला ऐकू येत न्हाई, पण हाय."

यंदा दिवाळीआधी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. परवा भेटायला गेलो तर मामींनी सवयीने अल्बम लावला, पेटी पुढ्यात ठेवली. चौथं गाणं आलं, क्लॅरिनेट थांबली. मामांची बोटं जरा हलली, हात काही उठेना. ती जागा रिकामीच जाणार म्हटल्यावर माझं डोकं भडकलं. त्या अल्बमचा, त्या शहाण्याचा, त्या बाकाचा असा काही संताप आला की मीच पेटीवर मूठ आपटली.

मामांनी डोळे वटारले. "उशिरा मारला, जावई," ते अडखळत ओरडले. "गाणं पयल्यापून लावा!"

माझी परतीची परभणीची गाडी निघून गेली तेव्हा आम्ही अजून चौथ्या गाण्यावरच होतो.