हिरवा फेटा, काळी घोंगडी

लग्नात व्हिडिओ मिक्सिंगला बाई बसलेली दिसली की लोक आधी मशीन बघतात, मग बाई बघतात आणि विचारतात, "तुमचे मालक कुठं गेले?" मी सांगते, मालक मीच. तीन कॅमेऱ्यांची चित्रं माझ्यापुढं येतात. त्यातलं कुठलं, कधी आणि कसं मोठ्या पडद्यावर जाईल ते मी ठरवते. एका चित्रातून दुसऱ्यावर जायच्या शंभर तऱ्हा मशिनीत आहेत, पण आमच्याकडं चालतो बदाम. नवरी बदामातून उघडते आणि बदामातच मिटते. मला त्या बदामाचा वीट आलाय, तरी गिऱ्हाईक म्हणेल ते करते.

धाकट्या बहिणीचं लग्न गंगाखेडला ठरलं, आणि ऐन तोंडावर बापू मेंढरं कोंडायच्या वाडग्यात घसरले. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी घरून, ताडकळसहून, हलायचं नाही म्हणून बजावलं. बापूंनी बोलणंच सोडलं. लेकीच्या लग्नात बाप नाही, हे त्यांना सोसेना. मी म्हणाले, "बापू, तुमी घरीच बसा. मांडवात तुमाला मी आणते."

मला कीइंग करायचं होतं. माणसामागं हिरवं कापड लावायचं आणि मशिनीला सांगायचं, हिरवं दिसेल ते पुसून टाक. मग माणूस तेवढा उरतो आणि मागं हवं ते चित्र ठेवता येतं. बोहल्यामागच्या पडद्यावर फुलांच्या कमानीत बापू बसलेले दाखवायचे होते. शेजारचे मास्तर घरी व्हिडिओ कॉल लावून बापूंपुढं मोबाइल धरून बसणार होते.

लग्नाच्या तासभर आधी चित्र लावून पाहिलं. बापू आले, पण कपाळाच्या वर काहीच नाही! नवरीकडच्या सगळ्या पुरुषांना हिरवे फेटे होते, तसाच बापूंनाही. मशिनीनं तो कापडासोबत पुसला. चुलते खो खो हसले, "दादा, टकुरं कुठं ठिवलं?" फेट्यांचा रंग मला महिनाभर आधी माहीत होता. मला माझाच असा संताप आला, की मशीन उचलून आपटावं.

"बापू, तेवढा फेटा काढता का?"

"न्हाई. लेकीच्या लग्नात बोडक्यानं बसू व्हय?"

ते बरोबरच होतं. मी डोळे मिटून घर आठवलं. मग मास्तरांना म्हणाले, "ते कापड काढा. खुंटीवरची काळी घोंगडी बापूंच्या मागं लावा, आणि त्यांची खुर्ची दारात उजेडाला घ्या." मशिनीला आता रंग नाही, काळोख पुसायला सांगितला. घोंगडी क्षणात गेली. फेटा आला, पांढऱ्या मिशा आल्या. फक्त डोळ्यांतली बुबुळं गेली आणि तिथं झेंडू दिसायला लागला. एक बटण केसभर फिरवत राहिले, तेव्हा कुठं बापूंची नजर परत आली. हे असं कुणी शिकवत नसतं, आणि मला ते त्या घटकेला जमलं.

मंगलाष्टकं संपत आली. अंतरपाट खाली जाताना मी मशिनीवरची चित्र बदलायची दांडी हातानं हळूहळू ओढली. कमान होती तिथं बापू उमटत गेले. सनई वाजली आणि बापूंनी तिकडून अक्षता टाकल्या. पिवळे दाणे सुटे सुटे दिसले, थेट बहिणीच्या डोक्यावर पडल्यासारखे. तिनं नवऱ्याकडं बघायचं सोडून मागं वळून बापूंना हात जोडले. मला रडू आलं आणि छातीही फुगली.

बापूंना वाटलं, झालं, आता मांडवात काही जात नसणार. ते मास्तरांकडं वळले, आणि त्यांचा आवाज साऱ्या मांडवात घुमला, "मास्तर, माझी थोरली चालवायलीय बघा हे समदं. लय हुशार हाय."

अक्षता पडल्या की तिकडचा आवाज बंद करायचा असतो. माझं बोट बटणावर होतं, पण मी ते दाबलं नाही.

"अहो, तिकडं ऐकू जायलंय," मास्तर कुजबुजले.

"जाऊ द्या की," बापू म्हणाले. "समद्यांला ऐकू द्या."