डबा न आलेला दिवस

मी लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला, एवढ्या बळावर लिहायला बसलोय. चुकलं तर सांभाळून घ्यावं. काल शेजारी बोअर मारत होते. ओल्या मुरमाचा वास आला आणि मी पुन्हा धुळ्याच्या बस स्टँडवर जाऊन उभा राहिलो.

तेव्हा मी देवपूरला शिकत होतो. एरंडोलजवळच्या आमच्या गावाहून रोज एस.टी.ने आईचा डबा यायचा. पाऊस सालोसाल कमी होत गेला, विहीर आटली, म्हणून नाना, म्हणजे माझे वडील, बोअरवाल्यांसोबत तळाशी उतरून आडवं बोअर मारून घेत होते. पाणी लागलं नाही तर केळी जाणार होती, आणि माझं कॉलेजही.

त्या दिवशी डबा आला नाही. आमच्याकडे घरात चूल पेटली नाही की काय समजायचं, ते मला ठाऊक होतं. केळी, कॉलेज सारं विसरलो. आज वाटतं, खोल गेलेलं पाणी आम्ही आणखी खोलातून ओढत होतो. तेव्हा मात्र मला पाणीही नको होतं, नुसते नाना हवे होते.

दुपारच्या गाडीतून आमच्या गावचे कंडक्टर आबा उतरले.

"काय रे, भूकना मारे रडी ऱ्हायना का?"

"आबा, नाना..."

"तुना बापले काय धाड भरनी? चिखलमा नाची ऱ्हायना तो! बठ्ठं गाव विहिरवर शे, तुनी माय बी तठेच. चूल कोन पेटाडी? पानी लागनं, भाऊ!"