मुकादमाच्या गळ्याची वळी

सून मला रोज सकाळी खुर्चीत बसवते. "आत्याबाई, मान मागं टाका, जीभ टाळूला लावा, दहापर्यंत मोजा." ऑपरेशन न करता हनुवटीखालची वळी जाते म्हणे. जात असंल. मला मात्र मान वर केली की हसू येतं, कारण हा व्यायाम मी बहात्तरच्या दुष्काळातच पाहिलेला आहे.

आष्टीच्या रस्त्याला आम्ही खडी फोडायला होतो, मी आणि माझी जाऊ. सगळ्यांची गालफडं बसलेली. माझी पोर कडेवर, आणि अंगात दूध न्हाई. जावेची दोन लेकरं तशीच. दुपारी सुकडी वाटायचे, शेंगदाणे, गूळ अन् पिठाची. तेवढ्यावर लेकरं तगून होती. वाटायला मुकादम. माप भरताना मेला अंगठा आत ठेवायचा, वरून हलवून अर्धं परत पाडायचा. उरलेली सुकडी डब्यातून त्याच्या घरी. साऱ्या कामावर त्याच्या एकट्याच्या हनुवटीखाली वळी होती, बैलाच्या गळ्याखाली लोंबते तशी.

एक दिवस निरोप आला, आठ दिवसांनी तपासणीला साहेब येणार. दुसऱ्या दिवसापासून मुकादम लिंबाखाली उभा राहून आभाळाकडं तोंड करून खालचा ओठ वर ओढायला लागला. आम्हाला वाटलं ढग बघून राह्यला. जाऊ म्हणाली, "ढग कशाचे, गळा उतरवून राह्यलाय. खाई त्याला खवखवे." मंग तो एरंडेल चोळून, जबड्याला फडकं बांधून यायला लागला, मढ्याला बांधतात तसं. डबा मात्र रोज भरूनच घरी जायचा. खाणं कमी करावं हे काही त्याच्या टाळक्यात आलं न्हाई.

आम्ही दोघींनी ठरवलं, साहेबाला सगळं सांगायचं. लेकरं पुढं करून सांगायचं.

वाटूरकडून जीप आली. मुकादम भर उन्हात गळ्याला मफलर गुंडाळून उभा. साहेबानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. तो माझ्यापुढं थांबला, पोरीकडं बघून म्हणाला, "बाई, सुकडी पुरेशी मिळते का?"

जाऊ माझ्या तोंडाकडं बघत होती. मी मुकादमाच्या बगलेतला हजेरीपट बघितला. उद्या त्यात माझं नाव लिहायचं का न्हाई, ते त्याच्या हातात होतं.

"बराबर मिळते, साहेब," मी म्हणाले.

जीप गेल्यावर मुकादमानं मफलर सोडून घाम पुसला. त्या दुपारी माझ्या मापात अंगठा नव्हता. शीग लावून दिलं त्यानं. जावेला रोजच्याएवढंच. मी ते घेतलं, पोरीला मुठीनं चारलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं व्यायाम सोडला. फडकंही सोडलं. त्याची वळी होती तिथंच राहिली, आणि आता तिला कुणाची भीती नव्हती.

ही गोष्ट मी सुनेला हसत हसत सांगते, तीही हसते. त्यानंतर जाऊ माझ्याशेजारी खडी फोडायला कधी बसली न्हाई, एवढं तिला सांगत न्हाई.